गुरुवार ते बुधवार

महाराष्ट्र शासन राजपत्राच्या साप्ताहिक अंकावर एका दिवसाची तारीख नसते. 'गुरुवार ते बुधवार' असं छापलेलं असतं. गावागावाच्या बाजाराचा वार वेगळा, पण सरकारच्या छापील शब्दाचा आठवडा गुरुवारी उजाडतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मीही माझा आठवडा तसाच धरला आहे. देवणीत तहसीलच्या रस्त्यावर पुतण्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कोपऱ्यातली एक खुर्ची माझी. अंक आला की तो मला पडद्यावर उघडून देतो आणि मी वाचत बसतो. ही टिपणं त्या खुर्चीवरची.

*

लहानपणी गावात कोतवाल हलगी घेऊन फिरायचा. वेशीत एकदा, मारुतीच्या पारावर एकदा, खालच्या वस्तीत एकदा. तिन्ही ठिकाणी तोच मजकूर : अमुक दिवशी चावडीवर वसुली, तमुक दिवशी लस टोचायला डॉक्टर. शेतावर असलेल्यांना ते ऐकू जायचं नाही. पण दिवेलागणीला प्रत्येक घरात कुणीतरी विचारायचंच, "हलगी कशाची वाजली?"

सरकारने सांगितलं, असं नेमकं कधी म्हणायचं? मंत्रालयात सही झाली तेव्हा, कागद छापून निघाला तेव्हा, की माझ्या कानावर आलं तेव्हा?

*

जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९२३ मध्ये अफूचा कायदा ठरावाने मंजूर केला. तो राजपत्रात छापला नाही, दुसऱ्या कुठल्या रीतीनेही लोकांना कळवला नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली पन्नास रुपये दंड झाला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५१ मध्ये न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला. हे बोस त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांचं म्हणणं असं की, बंद खोलीत केलेला ठराव लोकांच्या माथी कायदा म्हणून मारता येत नाही. लोकांनी कधी ऐकलाच नाही आणि ऐकण्याची सोयही नव्हती, अशा कायद्याने शिक्षा देणं न्यायाच्या मुळावरच येतं. तो जाहीर झाला पाहिजे, राजपत्रात किंवा रूढ असलेल्या दुसऱ्या मार्गाने. हरला सुटला.

पन्नास रुपयांसाठी तो माणूस दिल्लीपर्यंत भांडला, म्हणून आज तुमच्या-माझ्यावर गुपचूप कायदा लावता येत नाही. शाळेच्या नागरिकशास्त्रात हे नाव असायला हवं होतं. मी पस्तीस वर्षं शिकवलं, मलाही ते निवृत्तीनंतर कळलं.

*

दुसरा खटला मुंबईचा. २८ नोव्हेंबर १९६२ च्या पहाटे झुरिकहून मनिलाला जाणारं विमान सांताक्रूझला उतरलं. त्यातल्या एका जर्मन प्रवाशाच्या जाकिटाच्या कप्प्यांत ३४ किलो सोनं सापडलं. तो मुंबईत उतरणारही नव्हता, पुढे जाणार होता. पण मुंबईवरून पुढे नेलं जाणारं सोनंही विमानाच्या मालयादीत दाखवलंच पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना चारच दिवस आधी, २४ नोव्हेंबरला, भारताच्या राजपत्रात छापून आली होती. तो म्हणाला, मला हे ठाऊक नव्हतं. उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल फिरवला : राजपत्रात आलं म्हणजे जाहीर झालं, परदेशातल्या प्रत्येक माणसापर्यंत ते पोचवायची जबाबदारी नाही. न्या. सुब्बा राव यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं.

दोन्ही निकाल मला पटतात. एक म्हणतो, न छापता कायदा नाही. दुसरा म्हणतो, छापल्यावर 'मला माहीत नव्हतं' चालणार नाही. पण दुसरा वाचताना माझ्या डोळ्यांपुढे त्या जर्मन माणसापेक्षा आमच्या तालुक्यातली बोरोळ, वलांडीकडची माणसं येतात. त्याला वकील होते. इकडे छापलेलं पोचायला चार दिवस नव्हे, चार वर्षं लागलेली मी पाहिली आहेत.

*

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पत्र्याच्या ट्रंकेत जमिनीचे कागद आहेत. सगळ्यात खालचे उर्दूत, शेवाळी शाईचे, कडा खाल्लेल्या. त्यांवर जिल्हा बिदर, तालुका उदगीर. मधल्या थरात १९५४-५५ च्या खासरा पाहणीचा उतारा. मग उस्मानाबाद जिल्ह्याच्या पावत्या. मग लातूर. सगळ्यात वरचा सातबारा संगणकावरचा, तालुका देवणी. शेत एकच, बांधावरची बाभळसुद्धा तीच.

या प्रत्येक थरामागे एकेक छापील वाक्य आहे. राज्य पुनर्रचना कायद्याला ३१ ऑगस्ट १९५६ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या आठव्या कलमात नव्या मुंबई राज्यात येणाऱ्या प्रदेशांची यादी आहे. त्या यादीत बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके. देवणी तेव्हा उदगीर तालुक्यात. १ नोव्हेंबरला अंमल झाला आणि भालकी म्हैसूर राज्यात राहिली. आत्याचं सासर भालकीचं. अण्णा सांगायचे, त्या दिवाळीला आत्या माहेरी आली तेव्हा आजीने तिला विचारलं, "आता तू परमुलखातली गं बाई, ओवाळणी कोणत्या सरकारची घालू?" बिदरकडची ती सोयरीक अजून चालू आहे. राजपत्रातल्या अर्ध्या ओळीने मात्र आत्याच्या नातवंडांची शाळेची पहिली भाषा ठरवली.

*

ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा निघाला. १९९९ मध्ये देवणी तालुका झाला. सभेत घोषणा होतात, हारतुरे होतात, फटाके वाजतात. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं चौथं कलम म्हणतं की, जिल्हा कोणता, तालुका कोणता, त्यात गावं कोणती, हे शासनाने राजपत्रात अधिसूचना काढून ठरवायचं. त्या छापील यादीत गावाचं नाव आल्याशिवाय तहसीलदाराच्या टेबलावर त्या गावची फाईल येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेही याच वाटेने.

*

निजामाच्या राज्यात राजपत्राला जरीदा म्हणत. परिपत्रक म्हणजे गश्ती. जुन्या पिढीच्या तोंडात हे शब्द अजून आहेत. 'गश्ती निशाण ५३' म्हटलं की हैदराबादच्या लढ्यातली माणसं लगेच सावरून बसायची. परवानगीवाचून सभा घ्यायची नाही, असा तो हुकूम. वाचनालय, व्यायामशाळा, गणेशोत्सव, सगळ्यांवर त्याची सावली.

कायद्यांची वर्षं फसली सनाची. जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा. जहागिऱ्या संपवणारा हुकूम पोलीस कारवाईनंतर १९४९ च्या ऑगस्टात निघाला, तरी त्याच्या नावात सन १३५८ फसलीच. महिने आजूर, दै, बहमन असे. इथे बोलणारी माणसं मराठी आणि कानडी, थोडं पुढे गेलं की तेलुगू, आणि कागद उर्दू. गावात तो वाचणारा एखाद-दुसरा. वाचणारा सांगेल तोच कायदा.

उर्दूवर माझा राग नाही. १९१७ मध्ये हैदराबादेत दार-उल-तर्जुमा हे भाषांतर-खातं निघालं. विज्ञानापासून इतिहासापर्यंतची पुस्तकं देशी भाषेत आणायचा एवढा मोठा सरकारी उद्योग त्या काळी दुसरीकडे कुणी केला असेल असं मला वाटत नाही. पण तोच जीव आमच्या मराठी-कानडी-तेलुगूसाठी कुणी टाकला नाही, याचं दुःख आहे.

*

राजपत्राचा एक फार जुना नातेवाईक अजून जिवंत आहे. लंडन गॅझेट नोव्हेंबर १६६५ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झालं, कारण लंडनात प्लेग होता आणि राजाचा दरबार तिकडे हलला होता. 'गॅझेट' हा शब्द व्हेनिसच्या एका छोट्या नाण्यावरून आला. बातमीपत्राची किंमत तेवढी होती म्हणून.

*

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, मराठा आरक्षणाच्या मागणीमुळे, सगळ्या मराठवाड्याच्या तोंडी 'हैदराबाद गॅझेट' होतं. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात. त्या दिवसांत मी दुकानात रोज एकच धडा शिकवत होतो, म्हणून इथेही लिहून ठेवतो.

गॅझेट म्हणजे राजपत्र. त्यात सरकार हुकूम छापतं. गॅझेटिअर म्हणजे दर्शनिका. त्यात सरकार मुलखाचं वर्णन छापतं : नद्या, पिकं, जाती, बाजार, देवळं, माणसांची मोजदाद. हैदराबाद राज्याचं १९०९ चं गॅझेटिअर कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यात छापलेलं आहे. मुंबई इलाख्याची, जेम्स कॅम्पबेल यांनी सिद्ध केलेली, मुंबईच्या सरकारी मध्यवर्ती छापखान्यातली. आणि २ सप्टेंबर २०२५ ला निघाला तो शासन निर्णय, म्हणजे जीआर, ही तिसरीच चीज. कुणबी नोंदींसाठी जुन्या दर्शनिकेचा आधार घ्या, असं तो जीआर सांगतो.

बरोबर-चूक काय ते न्यायालयं आणि समाज ठरवतील. मला भिडलं ते वेगळंच. शंभर वर्षांपूर्वी कुण्या कारकुनाने भरलेला रकाना आज माणसाच्या पोराचं कॉलेज ठरवू शकतो. कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीच्या काळात तालुक्यातालुक्यांत मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. तेव्हा एक ऐंशीचे गृहस्थ मोठ्या उमेदीने पुन्हा चष्मा पुसायला लागले होते. त्यांच्या वाचनाला पहिल्यांदाच एवढी मागणी आली होती.

*

उस्मानाबाद जिल्ह्याची दर्शनिका १९७२ ची. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, त्यामुळे उदगीरचा किल्लाही तीत. जाड पुठ्ठा, आतला कागद अजून शाबूत. सरकारने छापलेली चांगली पुस्तकं अशीच असतात : नटवी नाहीत, पण टिकाऊ आणि गरिबाला परवडतील अशी.

*

राजपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पत्ता असतो : शासकीय मध्यवर्ती मुद्रणालय, नेताजी सुभाष मार्ग, चर्नी रोड, मुंबई. मी एकदाच तिथे गेलो आहे, पुस्तक घ्यायला. एका बाजूला समुद्र, एका बाजूला लोकल, आणि मध्ये दगडी इमारत. विधेयकं, अर्थसंकल्पाची कागदपत्रं, नमुने, पावतीपुस्तकं, सगळं या खात्याच्या छापखान्यांतून निघतं. येरवड्याच्या तुरुंगातही एक छापखाना आहे. सरकारी कोऱ्या नमुन्यांचे गठ्ठे शिक्षा भोगणाऱ्या माणसांच्या हातून निघतात. वाईचं शासकीय मुद्रणालय विश्वकोशाशी जोडलेलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईत बसून ज्ञानाचा डोंगर रचत होते आणि त्याच गावात तो खिळ्याखिळ्याने जुळत होता.

*

सरकारी प्रकाशनाचं सर्वांत मोठं काम कोणतं, असं मला विचारलं तर राजपत्राचंही नाव मी नंतर घेईन. आधी नाव घेईन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांचं. पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. वसंत मून हे महसूल खात्यातले अधिकारी, नागपूरच्या वस्तीतून आलेले. त्यांनी पेट्यांत पडलेले कागद वाचून, जुळवून, टिपून खंडांमागून खंड उभे केले. सुरुवात झाली ते दिवस आठवा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला आणि मराठवाड्यात घरं जळाली. नांदेड, परभणीकडच्या वस्त्यांतून माणसं उठून गेली. त्यानंतर वर्षभराच्या आत त्याच सरकारच्या नावाने, त्याच राज्याच्या मुद्रेने, बाबासाहेबांचा पहिला खंड बाहेर आला.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी ते खंड टीव्हीच्या वरच्या फळीवर आहेत. त्याच्या वडिलांनी औरंगाबादच्या शासकीय ग्रंथागारातून एकेक करून आणले. ऊसतोडीच्या उचलीतून नव्हे, मुद्दाम वेगळे ठेवलेल्या पैशांतून. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. खंड मात्र दर रविवारी कोरड्या फडक्याने पुसायचे. पोरगा आता कायदा शिकतो आणि तेच खंड वाचतो.

पुढे हे काम रखडलं. २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन त्याची दखल घेतली. छापखान्यात कागद पडून असतो आणि माणसं ग्रंथागारातून रिकाम्या हाताने परततात, याचा मला अजून मनापासून संताप येतो. मागणी आहे, मजकूर आहे, मग खोळंबा कशाचा?

*

ज्याअर्थी आणि त्याअर्थी. राजपत्राच्या मराठीतली ही जोडी. ज्याअर्थी अमुक घडलं आहे, आणि ज्याअर्थी तमुक कायद्याने शासनाला अधिकार आहे, त्याअर्थी आता शासन असा आदेश देत आहे. तीन-तीन परिच्छेदांचं एक वाक्य. लोक वैतागतात. मला ती जोडी आवडते. 'ज्याअर्थी' म्हणजे सरकारला कारण सांगावं लागतं. आधी कारण, मग हुकूम. जरीद्याच्या काळी हुजुरांचं फर्मान निघालं एवढं पुरायचं.

१९६० च्या जुलैत भाषा संचालनालय निघालं, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, १ मे १९६६ पासून कारभारात मराठी सक्तीची झाली. अधिसूचना, प्राधिकृत, असाधारण हे शब्द त्या वर्षांत घडले, रुळले. अवघड आहेत, मान्य. पण आमच्या आजोबांना जरीदा कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागे. आम्ही अडखळत का होईना, स्वतः वाचतो. शब्द सोपे करायचं काम आता पुढच्यांचं.

*

राजपत्रात आमची गायही आहे. देशी जनावरांच्या नोंदणीकृत जाती केंद्र सरकार २०१९ पासून राजपत्रात अधिसूचित करतं, म्हणजे त्या वाणावर देशाचा हक्क कागदोपत्रीही पक्का होतो. देवणी ही त्या नोंदणीकृत जातींतली. तिच्यात तीन प्रकार : पांढऱ्या अंगाची आणि तोंडाच्या बाजूंना काळी ती वानेरा, पोटाखाली काळे ठिपके असलेली बालंक्या, अंगभर वेडेवाकडे काळे डाग ती शेवरा. शेजारच्या मामांना मी हे सांगितलं. ते वैरण टाकता टाकता म्हणाले, "गुरुजी, आमच्या शेवरीला सरकारनं वळखलं म्हना की!" आणि तिच्या कपाळावरून हात फिरवला.

*

राजपत्राचा भाग दोन : संकीर्ण सूचना व जाहिराती. त्यात 'नावात बदल'. जुने नाव, नवीन नाव, बारीक टायपात ओळीखाली ओळ. बाकीच्या राजपत्रात सरकार बोलतं. या पानांत साधी माणसं बोलतात. लग्नाने बदललेलं नाव, जातीचा चटका देणारं म्हणून सोडलेलं आडनाव, शाळेत मास्तरांनी चुकीचं लिहिलेलं नाव. (शेवटच्या प्रकारात माझाही हात असणार. पाच वर्षांची पोरं दाखल करताना आम्ही कानाला येईल ते लिहीत होतो. त्याची बोच राहिली आहे.)

सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये २८५ 'नकुशा', म्हणजे नकोशी म्हणून तसं नाव ठेवलेल्या, मुलींना एकाच समारंभात नवी नावं दिली. आपल्याकडे असा समारंभ झाला नाही. इथल्या बायका एकेकट्या येतात.

मागच्या महिन्यात एक बाई आल्या, साठीच्या. कागदावर नकुसा, सासरी लक्ष्मी, आधारवर तिसरंच काहीतरी. पगारीचे पैसे त्यामुळे अडकले होते. पुतण्याने फॉर्म भरला, फोटो लावला, फी भरली. अंक आल्यावर त्याने फोन केला आणि त्या दुसऱ्या दिवशी हजर. त्याने पडद्यावर ती ओळ मोठी करून दाखवली.

"ममईत छापलंय हे?"

"हो बाई, मुंबईत."

"वाचा की."

मी वाचलं. जुने नाव अमुक, नवीन नाव तमुक.

"जुनं कशाला ठिवलं गुरुजी? तेच तर पुसायचं हुतं."

मी सांगितलं, जुनं नसलं तर नवीन कुणाचं हे कसं कळायचं? मायबापाच्या घरची ती आणि आताची तुम्ही, एकच, हे सांगायलाच तर हा कागद. त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. वाचता येत नव्हतं, पण दोन्ही नावांची लांबी बोटाने मोजली. नवं नाव लांब निघालं. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मंग. तीन काढा झेराक्स."

ती प्रत घेऊन गेल्या, तर एका खिडकीवरून त्यांना परत पाठवलं. छापील प्रतीवर गोल शिक्का कुठे आहे, म्हणे. राजपत्र आता संगणकावरच निघतं, त्याचा खरेपणा डिजिटल स्वाक्षरीत असतो, हे तिथे बसलेल्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. भारताचं राजपत्र १ ऑक्टोबर २०१५ पासून कागदावर छापणं बंद झालं. एवढी वर्षं झाली, आणि एक म्हातारी भाडं खर्चून दोनदा हेलपाटे घालते. मी स्वतः सोबत गेलो, तेव्हा काम झालं.

*

कायदा हळूहळू शिकतो आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मुख्य भर राजपत्रावर होता. १९८४ च्या दुरुस्तीने दोन वर्तमानपत्रं आली. २०१३ च्या कायद्यात यादी वाढली : राजपत्र, दोन दैनिकं आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, ग्रामपंचायत, जिल्हाधिकारी व तहसील कार्यालय, संकेतस्थळ. एका शेतकऱ्याच्या कानापर्यंत जायला इतक्या वाटा. म्हणजे आमच्या कोतवालाच्या तीन जागा बरोबरच होत्या.

माझी मागणी साधी आहे. विभागीय पुरवणीत आपल्या तालुक्याचं जे येतं, ते तालुक्याच्या वाचनालयात एका फायलीत छापून लावा. आठवड्याला दोन-चार पानं होतील. मी ते काम फुकट करायला तयार आहे, तसं लेखी दिलं आहे.

*

आज गुरुवार. सर्व्हर सकाळपासून बसला होता, दुपारी अंक उघडला. भाग दोनमध्ये आपल्याकडची दोन नावं सापडली. एक वलांडीच्या पोराचं, नर्सिंगच्या प्रवेशासाठी अडलेलं. फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"गुरुजी, आलंय का?"

"आलंय. बरोबर आलंय. आता अक्षर-अक्षर वाचतो, तू तुझ्या दाखल्याशी ताडून बघ."

"थांबा, दाखला घरात हाय. पळत जातो."

ट्रॅक्टर बंद झाल्याचं ऐकू आलं. मी फोन कानाला लावून थांबलो.